गिळलेला खो

चैत्राचे ऊन कृष्णेच्या पात्रात उतरले होते. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या वाळूवर, काठच्या करंजांच्या कोवळ्या तांबूस पालवीवर, तोडून नेलेल्या उसाच्या पिवळट पाचटावर ते सारखेच सांडत होते. दारोदारच्या गुढ्यांवर तांब्याचे गडू तळपत होते आणि कडुलिंबाच्या मोहराचा कडू-गोड वास गल्लीगल्लीतून हिंडत होता. वर्ष नवे होते. मने मात्र जुनीच होती.

काठावर मैदान. लाल, मऊ, रोज पाणी मारून निजवलेले. दोन टोकांना दोन खांब, तेल पिऊन पिऊन काळसर, गुळगुळीत झालेले. मधल्या पट्टीत आठ चौकोन, एकाचे तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचे पश्चिमेला. त्या चौकोनांत बसण्यात आणि त्यांतून उठण्यात मान्यांच्या वैजयंतेची चौदा वर्षे गेली होती.

हंगाम सरला होता. मार्गशीर्षात सुरू झालेली तालुक्याची खो-खोची साखळी स्पर्धा माघी पौर्णिमेला संपली, आणि कृष्णाकाठ मंडळाच्या मुलींचा चषक पैलतीराच्या संघाने नेला. नेला तोही एकाच गड्याच्या फरकाने. आता उरला होता तो हंगामाचा आढावा.

आढावा दर वर्षी वैजयंता लिही. कर्णधार ती, आणि गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करता करता मोत्यासारखे झालेले अक्षरही तिचेच. पाडव्याला, उन्हे कलताना, मैदानावर तो गावासमोर वाचायचा. दुसऱ्या दिवशी जिल्हा संघटनेकडे धाडायचा. तो वाचून संघटना प्रत्येक मंडळातली एक मुलगी जिल्ह्याच्या शिबिराला बोलावी. एकच मुलगी, आणि तीही आढाव्यात जिच्या नावाला डाग नाही अशी.

यंदा ते नाव सूर्यासारखे स्वच्छ होते. कस्तुरी चौगुले.

एकोणीस वर्षांची, दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या बापाची, सडपातळ, सावळी, वेताच्या अंगाची. तीन वर्षांपूर्वी ती मैदानावर आली तेव्हा तिला चौकोनात नीट बसताही येत नव्हते. टाच कशी उचलून ठेवायची, कान मागे कसा लावायचा, पाठीवरचा हात कसा ओळखायचा, हे सगळे वैजयंतेने शिकवले. आणि शिकता शिकता ती पळू लागली. कशी पळू लागली म्हणता! पाठलाग करणारी डावीकडे झेपावली की ही उजवीकडे निसटे, उजवीकडे झेपावली की तिच्या काखेखालून वाऱ्याची झुळूक व्हावी तशी निघून जाई, आणि मागे उरे फक्त तिच्या वेणीचा एक हेलकावा. कानामागून आली अन् तिखट झाली, असे आपण सहज म्हणतो. पण जो कान आधीपासून तिथे असतो त्याला काय होते ते कानालाच ठाऊक.

वैजयंतेच्या पोटात दुखत होते. उगाच आडपडदा कशाला? तिला त्या मुलीचा हेवा वाटत होता. तिच्या गुडघ्यांचा हेवा, तिच्या श्वासाचा हेवा, धावून आल्यावर खळखळून हसण्याएवढा दम तिच्या छातीत उरतो, त्या उरलेल्या दमाचा हेवा. आणि सगळ्यांत जास्त हेवा एका शब्दाचा.

तो शब्द आप्पा सुतारांचा होता. आप्पा मंडळाचे गुरू. सत्तरी ओलांडलेले, गळ्यात शिट्टी, मुठीत घड्याळ, आणि तोंडात कौतुक औषधालाही नाही. चौदा वर्षांत वैजयंता पडली, फुटली, जिंकली, गावाने तिला खांद्यावर घेतले, आप्पा म्हणाले, "बरं पळलीस." एवढेच. ते 'बरं' तिने पदकासारखे जपले होते. यंदा पौषात मात्र उपांत्य सामन्यात कस्तुरी तीन मिनिटे वीस सेकंद नाबाद पळाली, आणि आप्पा रेषेवर उठून उभे राहिले, आणि आप्पांच्या तोंडून निघाले, "वाऽ!"

एक अक्षर. चौदा वर्षांत न मिळालेले एक अक्षर. त्या दिवसापासून वैजयंता कस्तुरीला पाण्यात पाहू लागली.

मग आला अंतिम सामना.

गर्दीने मैदान कोंदले होते. शेवटचा डाव, शेवटची काही सेकंदे, एक गडी हवा होता. बरोबरी झाली असती तरी साखळीतल्या सरस गुणांवर चषक आपलाच होता. पाठलागावर वैजयंता. पैलतीराची पळणारी पोरगी हुलकावणी देत मधल्या चौकोनाजवळ आली, आणि त्या चौकोनात, पाठ वैजयंतेकडे करून, ताणलेल्या धनुष्यासारखी कस्तुरी बसली होती. आता वैजयंतेने इतकेच करायचे होते: तिच्या पाठीला हात लावायचा, 'खो' म्हणायचे, आणि तिच्या जागेवर आपण बसायचे.

तिने हात लावला. ओल्या, तापलेल्या, धडधडत्या पाठीवर तळहात टेकला. आणि त्याच निमिषात तिला रेषेवरचे आप्पा दिसले. ते अर्धवट उठले होते. त्यांचे ओठ आधीच गोल झाले होते. ते 'वा' येऊ घातले होते, आणि ते वैजयंतेसाठी नव्हते.

शब्द गळ्यापर्यंत आला आणि गळ्यातच राहिला.

कस्तुरी उठली. विजेसारखी उठली, झेपावली, गडी टिपला. गाव आनंदाने ओरडले, आणि त्या ओरडण्याला चिरत पंचांची शिट्टी वाजली. हात लागला, पण शब्द नाही. शब्दावाचून खो नाही, आणि खोवाचून उठणे नाही. गडी बाद नाही. पुढच्या शिट्टीला सामना संपला.

गावाने काय पाहिले? कस्तुरी खो न मिळता उठली, हे पाहिले. घाई केली, मोठेपणा मिरवायला गेली, हातचा चषक घालवला. आणि गावाची जीभ तर तुम्हाला माहीतच आहे, तिला हाड नसते. उठली म्हणून कुणीतरी तिला 'उठवळ' म्हटले. खेळातला शब्द खेळात राहिला नाही. एस.टी. स्टँडवर, पाणवठ्यावर, डेअरीच्या रांगेत तो तिच्या मागे मागे फिरू लागला, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मागे तो शब्द कसा फिरतो ते सांगायला नको. बाप म्हणाला, "शिबिराला नाव लागलं तर खेळ. न्हाई तर पुरे झालं. लोकांची बोलणी ऐकायला मी पोरगी मैदानात धाडत न्हाई."

दीड महिना वैजयंता गप्प राहिली. गप्प राहणे तिला आता जमू लागले होते.

पाडव्याच्या आदल्या दुपारी वाचनालयाच्या निवांत, कागदाच्या वासाने भरलेल्या खोलीत ती आढावा लिहायला बसली. रुक्साना मुलाणीबद्दल तिने हात सैल सोडून लिहिले. खांबावरून तिने मारलेले सूर, तिने टिपलेले एकतीस गडी, अंगभर माती माखून उठताना दर वेळी आधी कानातले डूल चाचपून पाहण्याची तिची खोड. सरोज कांबळेबद्दल लिहिले, की घोटा सुजलेला असताना ती तीन सामने पळाली आणि चौथ्यात तिला रडू आले ते घोट्यामुळे नव्हे, तिच्या जागी दुसरी उतरवल्यामुळे. लिहिताना वैजयंतेचा चेहरा प्रसन्न होता. ज्यांचा हेवा वाटत नाही त्यांचे कौतुक किती सोपे असते.

मग कस्तुरीचे नाव आले आणि लेखणी अडली. पळण्याची मिनिटे लिहिली. मिनिटे काही लपवता येत नाहीत. आणि अंतिम सामन्याखाली तिने सुबक, टपोऱ्या, मोत्यासारख्या अक्षरात एक वाक्य लिहिले: 'निर्णायक क्षणी कस्तुरी चौगुले खो न मिळता उठली.'

वाक्य खोटे नव्हते. खो मिळालाच नव्हता. शब्दन् शब्द खरा, काना-मात्रा खरी, आणि सगळे मिळून एक धादांत असत्य. वैजयंतेने ते दोनदा वाचले. तिला बरे वाटले, आणि बरे वाटल्याचे वाईट वाटले. खो देणे आणि खो घालणे यांत तशी एकाच शब्दाची तफावत.

तेवढ्यात दारात सावली पडली. कस्तुरी उभी होती. खांद्यावरची ओढणी मुठीत चुरगाळत, नजर टेबलावरच्या कागदाकडे न नेता.

"वैजूताई, त्या सामन्याचं लिवताय न्हवं?" ती म्हणाली. "माझीच चूक लिवा. ढोल वाजत हुता, तुमचा खो मला नीट ऐकू आला न्हाई. तरी वाट न बघता मी आपली उठले."

वैजयंतेने मान वर केली. "मी खो दिला होता, असं लिहू?"

"दिलाच असंल की. तुम्ही न देताच ऱ्हाताय व्हय?"

ती गेली. अनवाणी पावलांचा आवाजही झाला नाही. वैजयंता मात्र चटका बसल्यासारखी बसून राहिली. शिवी दिली असती तर ती झेलली असती. भांडण झाले असते तर ती जिंकलीही असती. पण हा विश्वास! निर्मळ, निःशंक, निरागस विश्वास. ज्याला जिथे हात लावावा तिथे आपलाच हात मळका दिसावा असा. तिला त्या विश्वासाचा राग आला. खूप राग आला. आणि तिने वाक्य तसेच ठेवले.

पाडव्याची उन्हे कलली. मैदानावर सतरंज्या पसरल्या. बायका, बापे, मंडळाच्या जुन्या खेळाडू, कडेवरची पोरे. कडुलिंब-गुळाचा प्रसाद वाटला गेला. आप्पा खुर्चीवर, हात काठीवर. मुली चौकोनांच्या ओळीत जशा खेळात बसतात तशाच बसल्या, एकीचे तोंड इकडे, एकीचे तिकडे. आणि वैजयंता वाचायला उभी राहिली, तेव्हा तिच्या अगदी पुढ्यात, पाठमोरी, कस्तुरी.

रुक्सानाला टाळ्या पडल्या. सरोजला टाळ्या पडल्या. मग अंतिम सामना आला, आणि गर्दीतून कुणीतरी हलकेच म्हणाले, "आता उठवळीचं ऐका." चार माणसे हसली.

कस्तुरीची पाठ हसली नाही. ती फक्त ताठ झाली. मार येणार हे कळलेल्या जनावराची होते तशी. वैजयंतेने ती पाठ पाहिली. ह्याच पाठीवर तिचा तळहात टेकला होता. तिला तो ओलावा आठवला, ती धडधड आठवली, आणि त्या धडधडीने किती भरवशाने तिच्या एका शब्दाची वाट पाहिली होती, तेही आठवले. कागदावरचे वाक्य समोर होते. जिभेवर ते येईना.

"निर्णायक क्षणी," तिने वाचले, आणि ती थांबली. मग कागद खाली केला.

"निर्णायक क्षणी मी खो दिला नाही. हात लावला, पण शब्द म्हटला नाही. विसरले नाही, म्हटला नाही. हिनं गडी टिपला असता, आणि मला ते बघवलं नसतं. मला हिचा हेवा वाटत होता. चूक कस्तुरीची नाही. चषक मी घालवला."

आप्पांनी काठीवरचे हात उचलले, पुन्हा ठेवले, आणि वैजयंतेकडे बघितले नाही. मग ते एवढेच म्हणाले, "कस्तुरीचं नाव लिही. आन् आत्ता बोललीस ते बी लिही." तिने तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, ते लिहिले. अक्षर पहिल्यांदाच वाकडे आले.

माणसे पांगली. कुणी तिच्याशी बोलले नाही. सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, आणि लाल मैदानावर तिरपी, केशरी, लांबट किरणे तेवढी उरली. तेव्हा कस्तुरी जवळ आली. वैजयंता तिच्या रागाची वाट पाहात उभी राहिली. राग आला असता तर फार बरे झाले असते.

"मला ठावं हुतं, ताई," कस्तुरी म्हणाली.

"काय?"

"तुम्ही खो दिला न्हाई ते. तुमचा हात टेकला, मी शबदाची वाट बघितली. ढोल कुठला? समदी श्वास धरून बसली हुती. पण गडी निसटत हुता, म्हनून उठले."

"मग दीड महिना बोलली का नाहीस?" वैजयंतेचा आवाज फाटला. "काल खोटं का सांगितलंस?"

कस्तुरीने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "माझं काय, लोक चार दिस बोलत्यात, मग इसरत्यात. तुमची चौदा वर्सं गेली असती. बसायला तुम्हीच शिकिवलंत की मला."

एवढे बोलून ती वळली. मैदानावरून वर गावात जाणाऱ्या घाटाच्या पायऱ्यांकडे निघाली.

आणि वैजयंतेला तिचा हेवा वाटला. आजवर वाटला नव्हता एवढा. गुडघ्यांचा नव्हे, श्वासाचा नव्हे, कुणाच्या शाबासकीचा नव्हे. त्या हेव्यांना औषध होते. सराव होता, वय होते, घड्याळ होते, कधीतरी तीही थकेल ही आशा होती. ह्या हेव्याला काहीच नव्हते.

कस्तुरी पायऱ्या चढत होती. सावकाश, अनवाणी, मागे न पाहता; एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी. ती मुळीच पळत नव्हती. आणि तरी, चौदा वर्षे माणसांच्या मागे धावलेल्या त्या बाईला खालून पाहता पाहता कळून चुकले, की ही आता जन्मात आपल्या हाती लागायची नाही.