तिसऱ्या भांड्यातलं मीठ

अडीच महिने झाले, मला चव कळत नाही. गोड, खारट, आंबट, काहीच नाही. वासही गेला. चार दिवसांचा साधा ताप आला आणि जाताना हे सगळं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. वाट बघा." वाट बघायला माझी ना नव्हती, पण मी स्वयंपाक शिकवते. त्यामुळे हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

घरी कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या ह्यांच्या ताटात तीस वर्षं काहीही वाढलं तरी ते "ठीक आहे" म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी भाजीत दोनदा मीठ घातलं असणार, कारण हे संध्याकाळभर तांब्या घेऊन बसले होते. विचारलं तर म्हणाले, "ठीक होती की." अशा माणसाशी संसार केला की असेही फायदे होतात.

खरी पंचाईत वर्गात होती. रंगाच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर आमचं मोठं स्वयंपाकघर आहे. चार ओटे, चार शेगड्या आणि माझ्या ओट्यावर तिरका आरसा, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांनाही माझे हात दिसावेत. मालकीण माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिच्याकडे पाककृती शिकायला कुणी येत नाही, त्या फोनवर फुकट मिळतात. लोक येतात ते माझ्या चमच्यासाठी. नियम असा की मी चाखल्याशिवाय कुणी आपलं भांडं चाखायचं नाही. शेवटी मी स्वच्छ चमचा घेऊन ओट्या-ओट्यावर जाते, एक घोट घेते आणि एकच वाक्य बोलते. तेही पदार्थाबद्दल नाही, हाताबद्दल. "तुझा हात घाईचा आहे." "तू मीठ भीत भीत घालतेस." "तुझं लक्ष दुसरीकडे होतं." माणसं हे वाक्य घरी घेऊन जातात आणि पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन येतात. पूर्वी मला ते खरंच जिभेवर कळायचं.

आता मी ते डोळ्यांवर निभावत होते. कोण चिमटीनं मीठ टाकतं, कोण पाकीट उलटं करतं, कोण ढवळता ढवळता खिडकीबाहेर बघतं, हे तासभर टिपून ठेवायचं. मग चमचा तोंडात धरून डोळे मिटायचे आणि पाहिलेलंच सांगायचं. असे तीस वर्ग काढले. एकालाही शंका आली नाही. उलट लोक पूर्वीपेक्षा जास्त थक्क व्हायला लागले. याचा मला राग यायला हवा होता, किंवा निदान हसू तरी. दोन्ही आलं नाही. चवीबरोबर बाकीचंही बरंच काही गेलं होतं. धाकट्या बहिणीला नात झाली, तिचा फोन आला, मी "अगं, काय सांगतेस!" म्हटलं, फोन ठेवला आणि कपडे वाळत घातले. आनंद व्हायला हवा हे कळत होतं. झाला नाही.

लपवण्याचं कारण एकच. मागच्या वर्षी ब्रेड शिकवणाऱ्या काकांचा हात थरथरायला लागला, तर मालकिणीनं त्यांचा सत्कार केला. छान भाषण, मोठा पुष्पगुच्छ, आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस. मला सत्कार नको होता. आठवड्यातले ते तीन दिवस सोडले तर मला उठून कपडे बदलायचंही काही कारण नव्हतं.

त्या शनिवारी ब्रायडल शॉवरचा वर्ग होता. म्हणजे लग्नाआधी मैत्रिणींनी नवरीचे लाड करायचे. पूर्वी लाड म्हणजे आयतं खाऊ घालत. आता नवरीलाच गळ्यात एप्रन घालून भोपळा चिरायला लावतात आणि फोटो काढतात. असो. नवरी आणि तीन मैत्रिणी. एक उंच, बँकेत कामाला, सगळी आखणी तिची. दुसरी सतत फोटो काढणारी. तिसरी आल्यापासून समोर ठेवलेली बिस्किटं संपवणारी, तिच्याशी माझं लगेच जमलं. नवरी चष्म्याच्या दुकानात काम करत होती, गिऱ्हाइकांचे डोळे तपासून नंबर काढायची. डोक्यावर कागदी मुकुट, खांद्यावरून सोनेरी पट्टा.

"मुकुट घट्ट होतोय का गं?" उंच मुलीनं विचारलं.

"नाही, छान आहे."

"पट्टा?"

"छान."

तिला काहीही विचारा, उत्तर तेच. मी मनात म्हटलं, हिची आणि आमच्या ह्यांची गाठ घालून द्यायला हवी होती.

भोपळ्याचं सूप करायचं होतं, चौघींचं चार भांड्यांत, सोबत ब्रेड. मी नेहमीसारखी नजर ठेवून होते, नवरीवर जरा जास्तच, कारण शेवटचं खास वाक्य तिच्यासाठी लागणार होतं. ती सावकाश काम करत होती. भोपळ्याच्या आतले दोरे तिनं खरवडलेच नाहीत, तसेच फोडींबरोबर भांड्यात गेले. फोडीही एक सुपारीएवढी तर एक मुठीएवढी. मीठ मात्र तिनं चमचा सपाट करून घातलं. मी सगळं टिपून ठेवलं.

मध्ये तिचा फोन वाजला. ती जिन्यात गेली. "हो आई... हो, छान आहे. तुम्ही म्हणाल तोच रंग. मला चालेल," एवढं मला ऐकू आलं. होणाऱ्या सासूबाई असाव्यात. तेवढ्यात मागच्या खोलीतल्या भट्टीतून ब्रेड काढायची वेळ झाली म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा तिघी आपापल्या ओट्यावर सरळ उभ्या होत्या. जरा जास्तच सरळ. माझ्या ते लक्षात आलं आणि मी सोडून दिलं.

चाखायची वेळ झाली तशी मालकीण वर आली. तिच्या हातात रेशमी रुमाल होता.

"ताई, आज गंमत. मुलींनी आधीच कळवलं होतं. आज चमचा डोळे बांधून! भांड्यांच्या जागा मी बदलणार, तुम्ही नवरीचं ओळखायचं."

"मी काय जादूगार आहे?" मी म्हणाले.

"मावशी, प्लीज," उंच मुलगी म्हणाली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. डोळे गेले की माझ्याकडे काही उरत नव्हतं, पण मला भीतीसुद्धा वाटली नाही. खुर्चीवर बसले, रुमाल बांधून घेतला.

पहिलं भांडं पातळ आणि गरम. दुसरं मऊ, एकसारखं, चांगलं घोटलेलं. तिसऱ्या चमच्यात जिभेवर दोरा आला आणि मागोमाग एक गोळा. चौथं पुन्हा मऊ. म्हणजे नवरीचं तिसरं. चवीशिवायही माणसाला बरंच काही कळतं.

"तीन," मी म्हणाले.

तिथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण लोक वाक्यासाठी आलेले असतात आणि मला वाक्याची सवय लागली होती. मी चमचा हलवत म्हणाले, "हा नवरीचाच हात. आणि मीठ बघा. चिमूटभर कमी नाही की जास्त नाही. असं मोजून मीठ घालणारा हात वर्षाकाठी एखादाच भेटतो."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणाच्या तरी नाकातून हसू फुटलं आणि मध्येच थांबलं. मी रुमाल सोडला. फोटोवालीनं फोन खाली केला होता. बिस्किटवालीनं तोंडावर हात ठेवला होता. मालकीण तेवढी आनंदात होती. "ओळखलं की नाही? मी सांगितलं होतं!"

"हो, पण मावशी..." उंच मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यात तर आम्ही..."

ती पुढं बोलली नाही, पण मला कळलं. नवरी जिन्यात होती तेव्हा यांनी तिच्या भांड्यात मीठ ओतलं होतं, आणि चिमूटभर नाही, मूठभर. मी थू थू करीन, नवरीची फजिती होईल, फोटो निघेल, असा बेत होता. आणि मी ते गिळून वर कौतुक केलं होतं.

नवरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं शांतपणे चमचा बुडवला आणि तोंडात घातला. एक क्षण ती हलली नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या दुकानात एखादं म्हातारं माणूस पाटीवरची अक्षरं दिसत नसताना दिसल्याचं सोंग करत असेल, तेव्हा ती असंच पाहत असेल. ओरडून नाही, हसून नाही. नंबर कळल्यासारखं.

"मावशी बरोबर म्हणतायत," ती म्हणाली. "मीठ बरोबर आहे."

"बघू बघू," मालकीण चमचा घेऊन पुढं झाली.

"नाही हं, हे माझं आहे. मी कुणाला देणार नाही." नवरीनं हसत भांडं जवळ ओढलं, वाडगं भरलं आणि खायला बसली. मालकीणही हसली. नवरीचे हट्ट पुरवायचाच दिवस होता.

एक चमचा, दोन, तीन. मैत्रिणी एकमेकींकडे बघत होत्या, बोलायची कुणाची हिंमत होत नव्हती. मला फक्त गप्प राहायचं होतं. ती वाडगं संपवेल, भांडं धुतलं जाईल, सोमवारी माझा वर्ग होईल. आणि मी गप्प राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. खाऊ दे, असंच माझ्या मनात आलं. चांगली मुलगी आहे, खाऊ दे.

सहाव्या की सातव्या चमच्याला मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळावर आठी नव्हती. ओठ हसरे होते. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तरी हसू जागच्या जागी होतं. फोटोवालीनं सवयीनं फोन वर केला, तर नवरीनं मान जराशी तिरकी करून फोटोसाठी चेहराही दिला आणि पुढचा चमचा गिळला. इतक्या सफाईनं गिळणं एका दिवसात येत नाही. त्यासाठी बरीच वर्षं लागतात. अडीच महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि ती भीती होती. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

मी उठले आणि तिच्यासमोरचं वाडगं उचललं.

"बस झालं. खारट आहे ते. खाण्यालायक नाही."

"मावशी, छान आहे, खरंच..."

"छान नाहीये. यांनी मूठभर मीठ घातलंय त्यात. आणि मला ते कळलं नाही, कारण मला चव कळत नाही. अडीच महिने झाले." हे मी मालकिणीकडे वळून बोलले. "तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

मालकिणीनं बोट भांड्यात बुडवून चाखलं आणि बेसिनकडे धावली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, तीस-एकतीस वर्ग झाले यात. मी लोकांना काय सांगू?"

"खरं ते सांग."

"सोमवारी नका येऊ," ती हळू म्हणाली. "मी दुसरं कुणी बघते. चव आली की फोन करा. नक्की करा हं." ती वाईट नाही. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. मी मान हलवली. दुःख व्हायला हवं होतं, त्याची जागा मला आत सापडत होती, पण ते तिथं नव्हतं.

उंच मुलीनं तीनतीनदा माफी मागितली, माझीही आणि नवरीचीही. मग बिस्किटवालीनं ब्रेड कापला, बाकीची तीन भांडी वाढली गेली आणि हळूहळू त्यांचं हसणं परत सुरू झालं. माणसं किती वेळ गप्प बसणार?

मी बेसिनशी चमचे धूत होते. नवरी पाणी प्यायला आली. एक ग्लास प्यायली, दुसरा प्यायली, तिसरा भरून हातात धरून उभी राहिली. मुकुट तिनं काढून ठेवला होता. कपाळावर त्याची लाल रेघ उठली होती.

"मावशी, मग माझं भांडं ओळखलंत कसं?"

"तू भोपळ्याचे दोरे काढले नव्हतेस. सकाळपासून तुझ्याकडेच बघत होते मी."

"सकाळपासून?"

"हो."

मागं वळून तिनं मैत्रिणींकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, एखादी शंका विचारावी तसं तिनं विचारलं, "मग तुम्हाला काय वाटलं? मी खूश दिसते का?"

माझ्याकडे प्रत्येकासाठी वाक्य असायचं. तीस वर्ग मी न चाखता वाक्यं दिली होती. आताही एखादं सहज देता आलं असतं, आणि तिनं ते छान म्हणून घेतलंही असतं.

"मी तुझे फक्त हात बघत होते गं," मी म्हणाले. "मला नाही कळलं."

तिनं मान हलवली. तिला राग आला नाही, वाईटही वाटलेलं दिसलं नाही.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "तुमचे अडीच महिने तरी मोजलेले आहेत. माझं कधीपासून, तेच आठवत नाही."

पलीकडून तिला हाका सुरू झाल्या. सगळ्यांचा मिळून फोटो राहिला होता. तिनं हातातला ग्लास संपवून खाली ठेवला. मी तो पुन्हा भरला, आणि ती हाकेला ओ न देता तिथंच उभी राहून तो प्यायली.