ऱ विभाग, सोनई

हे कुणाला खरं वाटायचं नाही, आणि न वाटलं तरी सांगणाऱ्याची काही हरकत नाही. पण सत्त्याण्णव साली सोनईचा गहिनीनाथ आठ दिवस तापानं निजला आणि तेवढ्यात अख्ख्या महाराष्ट्रातला शेतकरी कागदावरून अर्धा नाहीसा झाला.

गहिनीनाथ टायपिंगच्या क्लासात मास्तर. पुण्याच्या एका कंपनीचा मराठी प्रोग्राम तेव्हा कॉम्प्युटर दिसेल तिथं बसवलेला. साखर कारखान्याच्या नोटिसा, शिर्डीच्या लॉजच्या पाट्या, सगळं त्यातूनच छापून निघायचं. पण शेतकऱ्यातला तो विळ्यासारखा ऱ काही त्याला काढता येत नव्हता. गहिनीनाथला ते बघवेना. त्यानं आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून एक ऱ बेतला, फ्लॉपीत घातला आणि फुकट पाठवून दिला. कंपनीनं तो लावला नि विसरून गेली. पुढं नवा प्रिंटर आला की ऱ तुटायचा आणि पुण्याहून पत्र यायचं, 'विभागप्रमुख, ऱ विभाग, सोनई, यांस.' त्यांना वाटायचं, केवढी कचेरी असेल! विभागात गहिनीनाथ, एक भिंग आणि पत्रं वाचून दाखवणारी बहीण लंकाबाई.

त्या तापात दुरुस्त ऱची फ्लॉपी पुण्याला गेली नाही आणि कंपनीनं तसाच माल वाटला. 'शेतकऱ्यांनी हजर राहावे' असं छापायचं, तिथं आलं 'शेतक यांनी हजर राहावे'. जामखेडकडं एक कोतवाल तीन दिवस शेतक नावाच्या इसमाला हुडकत हिंडला. चौथ्या दिवशी एक शेतक सापडलादेखील. जेवण असेल म्हणून आला होता. त्याचा अंगठा घेतला आणि सोडून दिला.

गहिनीनाथ यावर हसला नाही. त्याला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली वर्षभराची, असं नगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. आपल्यामागं हे अक्षर कुणीतरी हातात घ्यावं, एवढ्यातच त्याचा जीव अडकलेला. त्यानं कंपनीला तसं कळवलं. उत्तर आलं, आपल्या विभागातील बदल्यांशी आमचा संबंध नाही, फ्लॉपी पंधरा तारखेपर्यंत पाठवावी. मग तो एस.टी.नं नगरला कॉम्प्युटर क्लासच्या चेतन सरांकडं गेला.

सर म्हणाले, "एका अक्षरासाठी कोण बसंल, मास्तर? कंपनी करील की."

या अक्षरापुरती कंपनी म्हणजे आपणच, हे मनात घेऊन गहिनीनाथ परतीच्या एस.टी.त बसला.

पुढल्या उन्हाळ्यात त्याला चौकोन दिसेनात. बोटांनी चाचपून त्यानं एक ऱ काढला. लंकाबाईनं कागद बघितला आणि झ्याक आला म्हणाली. तो उलटा होता.

आणि मग, ऐका, सोनईच्या स्टँडवर पांढरी मोटार येऊन थांबली. कंपनीचा मोठा साहेब उतरला, त्यानं गहिनीनाथचे पाय धरले, सगळे कागद छातीशी धरून पुण्याला नेले आणि आज तिथं बारा माणसं रात्रंदिवस तो ऱ...

"थांबा, आबा." लंकाबाई इतका वेळ तांदूळ निवडत होती. "त्या शेतकाचं खपवून घेतलं मी. मोटार कुठनं आनली? कुनीबी आलं न्हाई. भाऊ गेल्यावर ते कागद मी बंबात घातले. काडी तुमीच वडली हुती."