पाहुणे वाटेत आहेत

लातूरच्या एका महाविद्यालयाचे प्राचार्य रेणुकादास सर यांना गेल्या वर्षी गोरगरिबांच्या पोरांचा अचानक कळवळा आला. त्याच सुमाराला मूल्यांकनाची समिती येणार होती, हा निव्वळ योगायोग. सरांनी 'विद्यापीठ आपल्या दारी' नावाची योजना काढली. दर रविवारी प्राध्यापकांनी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात जायचं आणि तिथल्या बारावीच्या मुलांकडून नांदेडच्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घ्यायची. गणितासाठी देविका मॅडमची नेमणूक झाली. त्या नव्या होत्या आणि नाही म्हणायला अजून शिकल्या नव्हत्या.

पहिल्या रविवारी अर्थातच उद्घाटन. शाळेच्या पटांगणात मंडप, सतरंज्या, सरांचा फोटो असलेला भलामोठा फलक, सगळं होतं. फक्त प्रमुख पाहुणे नव्हते. "पाहुणे वाटेत आहेत," असं सर माइकवरून सांगत राहिले. मुलं ताटकळून गेली. शेवटी देविकाने पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "कोणता धडा अडतो गं तुला?"

"संभाव्यता, मॅडम. काईच डोक्यात जात न्हाई."

तिचं नाव करिश्मा. तिची आई कावेरीबाई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची.

देविकाने शाळेच्या भिंतीवरच खडूने मांडायला घेतलं. गावची एसटी वेळेवर यायची शक्यता किती? "शून्य!" सगळी ओरडली. "न्हाई, बाजाराच्या दिवशी येती कधी कधी," करिश्मा म्हणाली, आणि वाद जुंपला. गणित ऐन रंगात आलं तेवढ्यात पाहुणे पोचले. आपण लहानपणी अनवाणी शाळेत कसे गेलो, ते त्यांनी तासभर सांगितलं. समोर बरीच मुलं अनवाणीच बसली होती. त्यात एवढं सांगण्यासारखं काय, ते त्यांना कळेना.

पुढच्या रविवारी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन झालं. मग ग्रंथपेढीचं, पुस्तकं मागाहून येणार होती. पाहुण्यांना जेवढा उशीर, तेवढाच वेळ शिकवायला मिळायचा. नशिबाने आपल्याकडे मोठी माणसं वेळ पाळत नाहीत.

एकदा मात्र घात झाला. राघवेंद्रराव नावाचे निवृत्त अधिकारी ठरल्या वेळेला हजर झाले! एकही उदाहरण सोडवून झालं नाही. उलट वेळेचं महत्त्व या विषयावर दुपारपर्यंत भाषण ऐकावं लागलं.

"मॅडम, असला मानूस पुन्हा बलवू नका," करिश्मा कळवळून म्हणाली.

देविकाने पाहुणे बोलावण्याचं काम आपणहून मागून घेतलं. बाईंना योजनेचं मर्म कळलं, असं वाटून सर सुखावले. तिने जिल्ह्यातली उशिरासाठी नावाजलेली माणसं हुडकून काढली. तरी भरवसा नको म्हणून कावेरीबाई चार बायकांना घेऊन फाट्यावर उभी राहायची. गाडी दिसली की ओवाळायचं.

"च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई, सायेब. बसा. चूल आत्ताच पेटवायलोत."

साहेब बसायचे. चूल काही केल्या पेटायची नाही. तिकडे शाळेत त्रिकोणमिती संपायची.

निकाल लागला आणि करिश्माला नांदेडला प्रवेश मिळाला, वसतिगृहासकट. देविकाने स्टाफरूममध्ये मोबाइलवर तिचं नाव दोनदा वाचलं आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: मान्यवरांच्या प्रेरणादायी भाषणांमुळे ग्रामीण कन्येचं यश.

करिश्मा नांदेडला शिकायला गेल्यावर सत्कार ठरला. सरांनी स्वतः करिश्माला फोन लावला.

"सर, सोमवारी चाचणी हाय माझी. यायला जमायचं न्हाई."

"अगं, सत्कार तुझाच आहे!"

"आईला पाठवते, सर."

या मुलांसाठी कितीही करा, जाण नसते ती नसतेच, असं सर त्या दिवशी भेटेल त्याला सांगत होते.

कावेरीबाई इस्त्रीचं लुगडं नेसून लातूरला गेली. संध्याकाळी तिने लेकीला फोन केला.

"काय म्हनले गं, आई?"

"लई बोलले. तुला करीना म्हनले."

"आन् तू काय बोललीस?"

"माइक कुठं दिला? फोटो काढला अन् म्हनले, उतरा." कावेरीबाई हसली. मग म्हणाली, "तिथं समजतंय का गं तुला, शिकवतेत ते?"

"पयल्या हप्त्यात रडले. समदं इंग्रजीत. काल उभी राहून विचारलं, सर, पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं."

"मग विचारत जा. जेवलीस?"

"हाव."

"बस मग अभ्यासाला."