लहरी, साखर आणि मुंग्या

केदारखेड्यात कुणी विचारो न विचारो, आपली पोरगी काय शिकून राह्यली हे रखमाजी सांगणारच.

"माझी दैवशाला लहरी शोषून घेणारा स्पंज बनवती," असं त्यानं परवा हॉटेलात भरगर्दीत सांगितलं, अन् नेमके तेव्हाच शेजारच्या बाकड्यावर अण्णासाहेब बशीतला चहा फुंकत होते. अण्णासाहेब म्हणजे भावकीतले, वयानं मोठे, बांधाला बांध लागून असलेले. लहर आली तेव्हा त्यांनी एमू पाळले, लहर गेली तेव्हा वाटून टाकले. गेल्या साली लहर आली म्हणून शेतातल्या लिंबाखाली कायमची खाट टाकली अन् दुपारची झोप तिकडं हलवली.

त्यांनी बशी खाली ठेवली. "लहरी? कुणाला बोलून राह्यला तू?"

"तुमाला न्हाई अण्णा. मोबाईलच्या लहरी."

"माझ्या मोबाईलला काय झालं?"

रखमाजीनं जितकं समजावलं तितकं ते चिघळत गेलं. शेवटी अण्णासाहेब अर्धा चहा टाकून उठले, अन् जाताना म्हणाले, "शोषून दाखव म्हणा!"

बुधवारी दैवशाला जालन्याहून घरी आली. कॉलेजात पीएचडी करायची ती. हातात एक पिशवी, पिशवीत सहा काळ्या वड्या, प्रत्येकी वहीएवढी. तोंड असं, की नंदाबाईनं चहाआधी पाणीच दिलं.

"सगळ्यांसमोर वाजला गं आई."

"काय वाजला?"

"फोन! या वड्यांची डबी केली, त्यात फोन ठेवला, झाकण लावलं. लहरी आत गेल्या न्हाई पाह्यजेत, फोन वाजला न्हाई पाह्यजे. समितीतल्या मार्तंड सरांनी नंबर लावला अन् डबीतून म्हैस हंबरली."

रिंगटोन नंदाबाईनंच मायेनं भरून दिली होती, म्हणून ती चहाचं आधण बघायला वळली.

समितीतले सगळे हसले म्हणे. मार्तंड सर तेवढे हसले न्हाईत. सोमवारी पुन्हा दाखव, म्हणाले, ही शेवटची संधी. वाजला तर शिष्यवृत्ती बंद अन् पीएचडीही तिथंच थांबणार.

"पण बिघडलं कशानं?" रखमाजीनं विचारलं.

"साखरेनं. कापसाची वाळली पऱ्हाटी जाळून काळी भुकटी केली, ती रबरासारख्या पातळ रसात घोटली, तो रस साखरेवर ओतला. घट्ट झाला की कोमट पाण्यात ठेवायचा. साखर विरघळून जाती, तिच्या जागी भोकं राह्यतात. लहर त्या भोकांत शिरती, इकडून तिकडं आपटती अन् आतच दमून मरती."

"अनारशाला जाळी पडती तसं," नंदाबाई म्हणाली.

"बराबर. पण मी जल्दी केली. मधली साखर निघालीच न्हाई. वड्या चिक्कीसारख्या कडक. झाकण बसंना, फटीतून लहरी आत."

दुसऱ्या दिवसापासून घरात घंगाळभर कोमट पाणी अन् त्यात वड्या. दैवशाला दर तासाला दाबून बघायची. कडक त्या कडकच. शिवाय मोजल्या तर चारच भरायच्या.

"आई, दोन कुठं गेल्या?"

"मी न्हाई गं खाल्ल्या."

रखमाजी त्याच वेळी बैलाला पाणी पाजायला उठला. बैल नुकताच पिऊन बसला होता.

झालं असं होतं, की त्याच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाईलवाला स्टार्टर होता. आत सिमकार्ड. घरून फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. पेटीच्या बाहेर बोटाएवढा अँटेना लोंबायचा, अन् कावळ्यानं तो दोनदा टोचून तोडला होता. बुधवारी संध्याकाळी दोन काळ्या वड्या बघून रखमाजीला वाटलं, बिघडलेल्याच आहेत, कावळ्याला तरी आडव्या येतील. दोन्हींच्या मधे अँटेना ठेवून त्यानं सुतळी बांधली. गुरुवार, शुक्रवार मोटार मजेत चालू-बंद झाली. मंग कशाला बोलायचं?

शनिवारी सकाळी त्यानं घरूनच मोटार चालू केली अन् शेतावर चक्कर टाकली. बघतो तर वड्या ढिल्या पडून लोंबलेल्या. हात लावला तर मुंगी चावली. "तुला काय पाह्यजे इथं?" असं तिला म्हणून त्यानं सुतळी करकचून आवळली. बाळ गुंडाळावं तसा अँटेना गुंडाळला गेला. मंग समाधानानं घरी आला.

दुपारी मोटार बंद करायला फोन लावला. बाई म्हणाली, "आपण संपर्क साधू इच्छिता तो क्रमांक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

"स्टार्टर कुठं जाईल बाई? भिंतीला ठोकलाय," रखमाजी म्हणाला. पण बाई ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. त्यानं ओट्यावरून लावला, गच्चीवरून लावला, रिचार्ज संपलं वाटून गावात जाऊन रिचार्ज मारून आला. बाईचं मत बदललं न्हाई.

मंग अण्णासाहेबांचा फोन आला.

"रखमाजी! मी खाटेवर हाये!"

"बरं हाये की अण्णा. झोपा."

"झोपू कसा? खाट तळ्यात हाये! चपला गेल्या वाहून!"

रखमाजीनं गाडीला किक मारली. दैवशाला मागं बसली. शेतात पोचले तर मोटारीचं पाणी बांध फोडून गेलेलं, लिंबाखाली गुडघाभर पाणी, त्यात खाट, अन् खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेले अण्णासाहेब. एक चप्पल जवळच गोल गोल फिरत होती.

"लाल बटण दाब!" अण्णासाहेब ओरडले.

रखमाजी बटणाकडं धावला, तेवढ्यात दैवशाला किंचाळली, "बाबा, हात लावू नका!"

ती अँटेनाकडं बघत उभी होती. तिनं बापाचा फोन घेतला, नंबर लावला. क्षेत्राच्या बाहेर. सुतळी सोडली, लावला. मोटार बंद! सुतळी आवळली, लावला. बाहेर. सोडली, लावला. मोटार चालू!

"अगं चालू काय करून राह्यली?" अण्णासाहेब.

"अण्णाकाका, थांबा ना जरा. दहादा बघितल्याशिवाय शास्त्रात धरत न्हाईत."

दहाव्यांदा मोटार बंद झाली तेव्हा पाणी खाटेच्या गादीला लागलं होतं. दैवशालानं वडी दाबली. लोण्यासारखी दबली, पुन्हा फुगली. तिनं ती उन्हाकडं धरली. आरपार जाळी.

"बाबा, साखर कुठाय?"

रखमाजीनं खाली बोट दाखवलं. पेटीपासून वारुळापर्यंत मुंग्यांची रांग, अन् प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण. मंग त्यानं सगळं कबूल केलं, कावळ्यापासून बैलापर्यंत. आता पोरगी रडती का काय, म्हणून मान खाली घातली.

"उरलेल्या चार आणा," दैवशाला म्हणाली. "बिलकुल जल्दी."

रविवारभर बाप-लेक वारुळापाशी बसले. घंगाळात पुष्कळशी साखर ढिली झालेलीच होती, मुंग्यांना हुरूप आलेला. दुपारी अण्णासाहेब अनवाणी आले, हातात मुंग्यांच्या पावडरीचा पुडा घेऊन.

"माझ्या खाटेवर चढल्या. आज एकीला सोडत न्हाई."

रखमाजी वारुळाला आडवा झाला. "अण्णा, सोमवारपर्यंत माफ करा. माझ्या पोरीची पीएचडी हाये ती!"

अण्णासाहेबांनी मुंग्यांकडं बघितलं, मंग दैवशालाकडं. लहर फिरली. पुडा खिशात गेला अन् दुसऱ्या खिशातून गुळाचा खडा निघाला. "नुसत्या साखरेवर कशा राबतील?"

"काका, नको! गूळ दिला तर इकडं कोण येईल?" दैवशाला ओरडली. अण्णासाहेबांनी गूळ स्वतः खाल्ला.

सोमवारी जालन्याला रखमाजी सोबत गेला. आत समिती. दैवशालानं या वेळी डबी केलीच न्हाई. नरम वड्यांत फोन गुंडाळला अन् वरून घरचीच सुतळी आवळली. मार्तंड सर दारात आले, रखमाजीला म्हणाले,

"नंबर तुम्हीच लावा, बाहेरून."

रखमाजीनं बटण दाबून फोन कानाला लावला. आत कुठं म्हैस हंबरती का, म्हणून दुसरा कान दाराकडं. शांतता. मंग ती आली, शनिवारची तीच बाई, तोच आवाज.

"...संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

आत टाळ्या वाजल्या. रखमाजीनं फोन काही ठेवला न्हाई.

"बाई," तो गहिवरून म्हणाला, "त्या दिवशी उलटं बोललो. मनात धरू नका."