लिंबीच्या काड्या

कुंडीतली सातवी काडी बी वाळली. "मल्लव्वा, तुला अक्कल हाय का?" मी स्वतःलाच झापलं. मुळ्या फुटल्या का म्हणून रोज उपटून बघितलं तर काडी जगंल कशी? पण करू काय? जुळे सोलापूरच्या ह्या फ्लॅटात मुलगा बसवेश आणि सून सकाळी हापिसला जातात, ते दिवेलागणीलाच येतात. दिवसभर तोंड उघडायला माणूस न्हाय. मग मी त्या काड्यांशीच बोलते, आणि उपटते.

कुंभारीचं घर सोडताना तोडून आणलेल्या ह्या काड्या साध्या न्हवत्या. लग्न होऊन कुंभारीला आले तवा मी माहेराच्या आठवणीनं लई रडायची. आमचे मालक गोड बोलणाऱ्यातले न्हवंच. एक दिवस सायकल काढून अक्कलकोटापलीकडं माझ्या माहेरी गेले, तिथल्या लिंबीची पेन्सिलीएवढी काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि काय न बोलता घरामागं रोवली. जगली की! माहेरचा मळा आता न्हाय. मालक दोन वर्सांमागं गेले. घर बसवेशनं गौसला विकलं. ऱ्हायलं ते झाड. त्याचं एक रोप माझ्याजवळ असावं, एवढंच मला पायजे होतं.

गौस टॉवेलच्या कारखान्यात कामाला, माणूस गुणी. घर देताना मी त्याला बजावलं होतं, "बाबा, काय बी कर, लिंबाचं झाड तेवढं राख." त्यानं मान डोलावली होती.

गेल्या आठवड्यात कात्री घेतली, फडकं घेतलं आणि रिक्षानं कुंभारी गाठली. ह्यावेळी काडीला हात लावायचा न्हाय, असं रस्ताभर मनाला दटावत होते.

गौस दारातच भेटला. "या अम्मा! तुमचा शब्द राखलाय बघा. अंगणात फरशी घातली, पण लिंबाला धक्का लावला न्हाय." त्यानं दारातला कडुलिंब दाखवला. फांदीला पोरींचा झोका बांधला होता.

"आणि मागचं झाड?"

"ते लिंबूचं व्हय? काटं लई. बारकीला टोचलं, म्हणून मुळासकट काढलं. तितं न्हाणी बांधली."

अगं आई गं! आमच्या घरात कानडी, लिंबूला आमी लिंबीच म्हणायचो. गौसला ते कळायचं न्हाय म्हणून मी मोठी शहाणी मराठीत सांगाय गेले. आणि मराठीत लिंब म्हंजे कडुलिंब! जलमभर मराठीत बाजार केला, एवढं कळू नये? मालक असते तर वरीसभर हसले असते माझ्यावर. आता हसायला बी कोण न्हाय, ह्याचंच जास्त रडू आलं.

"बरोबर केलं की न्हाय अम्मा?" गौस विचारत होता.

माझी जीभ अख्ख्या कुंभारीला ठावं. पण ह्या बिचाऱ्याला काय बोलू? "व्हय बाबा, बरोबर केलंस." मी काड्या न्यायला आले म्हटल्यावर त्यानंच चार डहाळ्या तोडल्या, माझं फडकं भिजवून नीट गुंडाळून दिल्या.

संध्याकाळी बसवेशनं मोबाईलमधनं डोकं वर न काढता विचारलं, "आणल्यास का काड्या?"

"आणल्या."

"छान."

कुंडीत लावल्या. आठ दिवस झाले. कपडे वाळत घालायला दोघं बी रोज बाल्कनीत येतात, कुंडी पायानं सरकवून जागा करतात. लिंबीच्या नावानं मी कडुलिंबाला पाणी घालते, हे अजून कुणाच्या ध्यानात आलं न्हाय.