काळीजवळ काळी

"हात लावू नकोस, मी काढतो," म्हणत बाबांनी शेवटचा स्क्रू फिरवला आणि जुन्या कॉम्प्युटरचं पत्र्याचं झाकण ओढलं. धुळीने दोघंही शिंकले.

मुलीची नजर पुन्हा दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे गेली. सकाळी निघायचं होतं. नवी नोकरी, परकं शहर, आणि बाबा काही केल्या सोबत यायला तयार नव्हते. गेल्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवून ते खुशाल फिरायला गेले होते. शेजारणीला जळका वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून घरात रोज तेच भांडण, आणि शेवटी ही पैज. बाबांनी आतली कार्डं ओळखून काढायची, पुसून परत बसवायची आणि मशीन चालू करून दाखवायचं. जमलं तर ती एकटी जाणार. नाही जमलं तर बाबांनी निमूट बॅग भरायची.

"उभा जन्म मी हीच दुरुस्ती केली," बाबा म्हणाले. "हरशील, बाई."

"बघू. हे कसलं?"

"पडद्याचं. हे नसलं की सगळा अंधार."

"आणि हे?"

"मोडेम. फोन जोडला की काय केकाटायचं! तुझी आई कानात कापूस घालून बसायची."

"हे?"

बाबांनी कार्ड उलटंसुलटं केलं. त्यांची बोटं टेबलावर वाजू लागली. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. चुकावेत, असं तिला मनापासून वाटत होतं आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"आवाजाचं," बाबा हसले. "घाबरलीस ना?"

कार्डं पुसून जागच्या जागी बसली. राहिले विजेचे दोन प्लग, दिसायला अगदी सारखे. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून यायला हव्यात. अदलाबदल झाली की बोर्ड जळालाच. तिला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं: काळीजवळ काळी, नाहीतर राखरांगोळी. बाबांनी प्लग दाबले, सवयीने तारांना एक पीळ दिला आणि पडद्याची वायर आणायला आतल्या खोलीत गेले.

ती वाकली. काळ्या तारा दोन टोकांना होत्या.

गप्प बसली असती तर पैज तिचीच होती. आतून बाबांची शीळ ऐकू येत होती. कितीतरी दिवसांनी ते शीळ घालत होते. तिने दोन्ही प्लग उपसले, अदलाबदल करून घाईघाईने दाबले आणि उगाच ओढणीला हात पुसले.

बाबांनी येऊन वायर जोडली, बटण दाबलं. पंखा घरघरला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"बघ! म्हातारा अजून भंगारात निघालेला नाही!"

"हरले हो मी. जाते एकटी," ती म्हणाली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

बाबा गालात हसत झाकण लावायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांचं बोट तारांवरून फिरलं. तारा सरळ होत्या, पीळ कुठेच नव्हता. त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि मशीन बंद केलं.



"माझी बॅग माळ्यावर आहे," बाबा म्हणाले. "तूच काढ. मला स्टुलावर चढू देऊ नकोस."