नऊ ते अकरा

खिडकीबाहेर नुसते ढग होते. मोजपट्टी गळ्यात तशीच राहून गेली होती. जेवणाचा दुसरा ट्रे आला.

नातू बघायला निघालेले शिंपीकाका दचकले. तिकिटावर तर नऊला सुटून अकराला पोहोचायचं होतं.

“पोरी, दोन तास केव्हाच उलटले. वाट चुकलात की काय?”

हवाईसुंदरी हसली. “काका, ते अकरा तिकडच्या घड्याळातले. प्रवास चौदा तासांचा आहे.”

विमानात जमीन नव्हतीच, तरी काकांच्या पायाखालून ती सरकली. मुलाच्या तिकडून येतानाच्या तिकिटावरच्या वेळाही त्यांनी तारीख न बघता अशाच वजा केल्या होत्या. त्याची आई गेली तेव्हा तो दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला, तर “दोन तासांच्या वाटेला एवढा वेळ?” म्हणत त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

निरोप मिळताच मुलाने पहिलंच विमान धरलं होतं.